खोकल्याबरोबर पोटाचेही विचारा

२०२० च्या पावसाळ्यातली गोष्ट. सत्तरीच्या एक आजी सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. दोन दिवस जुलाब, मळमळ आणि अंगात कसकस. 'तोंडाला चवच नाही हो,' असे त्या दोनदा म्हणाल्या. सुनेने कारणही सोबत आणले होते. 'परवाची उसळ रात्री गरम करून खाल्ली, तीच बाधली असणार.' मलाही ते पटले. मी ओआरएस लिहून दिले, हलका आहार सांगितला आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. खोकला आहे का, घरात आणखी कोणी आजारी आहे का, हे विचारायचे राहून गेले. चौथ्या दिवशी आजी परत आल्या त्या धापा टाकतच. चाचणीत करोना निघाला. तोवर मुलालाही ताप आला होता आणि नातवालाही. आजी बऱ्या झाल्या, पण ते न विचारलेले दोन प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेले नाहीत.

ही चूक फक्त माझी असती तर इथे लिहिण्याचे कारण नव्हते. श्वसनमार्गाचा विषाणू म्हणजे नाक, घसा आणि छाती, हे समीकरण डॉक्टर आणि रुग्ण दोघांच्याही डोक्यात पक्के बसले आहे. फ्लूसदृश आजाराची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही तशीच आहे: ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आणि खोकला, तोही गेल्या १० दिवसांत सुरू झालेला. साथीची मोजणी सगळीकडे एकाच मापाने व्हावी, म्हणून ही व्याख्या केली आणि त्या कामासाठी ती योग्यच आहे. पण मोजणीचे हे माप दवाखान्यात निदानाची चाळणी बनले, की पोटाची तक्रार घेऊन आलेला रुग्ण त्यातून निसटतो.

अमेरिकेत नोंद झालेल्या पहिल्या करोना रुग्णाचेच पाहा. जानेवारी २०२० मध्ये वुहानहून वॉशिंग्टन राज्यात परतलेल्या या ३५ वर्षांच्या माणसाला ताप-खोकल्याबरोबर मळमळ आणि उलट्या होत होत्या. रुग्णालयात त्याला पातळ शौचास झाले आणि त्या नमुन्यात विषाणूचे अंश सापडले. तरीही पोटाच्या तक्रारी सुरुवातीला किरकोळ मानल्या गेल्या. चीनमधल्या १,०९९ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात जुलाबाची नोंद ४ टक्क्यांहूनही कमी जणांत होती. पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या ३१८ जणांच्या पोटाच्या लक्षणांचा मुद्दाम अभ्यास झाला. तेव्हा ६१ टक्के रुग्णांना भूक मंदावणे, मळमळ किंवा जुलाब यांसारखी किमान एक तक्रार होती आणि जुलाब साधारण एक तृतीयांश जणांना होते. दोन्हीकडचे रुग्ण वेगळे, तेव्हा या आकड्यांची थेट तुलना करू नये. तरी एक गोष्ट कोणताही डॉक्टर मान्य करील. जे विचारले जाते, तेच केसपेपरवर उतरते.

करोनाच कशाला, २००९ च्या स्वाइन फ्लूतही हेच दिसले होते. अमेरिकेतल्या पहिल्या ६४२ रुग्णांपैकी सुमारे पाव रुग्णांना जुलाब आणि तितक्याच जणांना उलट्या होत होत्या. नेहमीच्या फ्लूमध्येही लहान मुलांना उलट्या-जुलाब होतात, मोठ्यांपेक्षा जास्त.

असे का होते? करोनाचा विषाणू ज्या एसीई-२ या प्रथिनाला पकडून पेशीत शिरतो, ते लहान आतड्याच्या अस्तरात भरपूर असते. म्हणजे फुप्फुसाप्रमाणे आतड्याचे दारही त्याला उघडे असते. दुसरे कारण शरीराच्या प्रतिकारातले. संसर्गाशी लढताना रक्तात जी रसायने सुटतात, त्यांनी भूक मरते आणि मळमळते. लहान मुलांना खोकल्याची उबळ आली की त्यासरशी उलटी होते. फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला तर मूल छातीऐवजी पोटावर हात ठेवून 'इथे दुखतं' असे सांगते. शिवाय औषधांचाही वाटा असतो. फ्लूवरच्या ओसेल्टामिविरने मळमळ होते आणि प्रतिजैविकांनी जुलाब.

शौचात विषाणूचे अंश सापडले म्हणजे त्यातून संसर्ग होतोच असे नाही. पण ही शक्यता अगदीच कागदावरची नाही. २००३ मध्ये सार्सच्या साथीत हाँगकाँगच्या 'अमॉय गार्डन्स' या निवासी संकुलात ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली. जुलाब होत असलेला एक रुग्ण तिथे येऊन गेला होता. न्हाणीघरातल्या जाळीखालचे पाणी धरणारे वाकडे पाइप कोरडे पडल्याने सांडपाण्याच्या नळांतून विषाणू घरोघरी पोहोचला, असा तिथल्या तपासाचा निष्कर्ष होता. त्या रहिवाशांपैकी जवळपास दोन तृतीयांश रुग्णांना जुलाब झाले होते.

महाराष्ट्रात हा विषय जास्त महत्त्वाचा ठरतो तो आपल्या पावसाळ्यामुळे. गढूळ पाण्याने पोट बिघडण्याचे आणि फ्लू पसरण्याचे दिवस आपल्याकडे एकच. त्यामुळे 'बाहेरचं खाल्लं' हे उत्तर तयारच असते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. प्रत्येक जुलाबाच्या रुग्णाची करोना किंवा फ्लूची चाचणी करा, असे मी मुळीच म्हणणार नाही. तो पैशांचा आणि मनःशांतीचा अपव्यय ठरेल. माझा आग्रह प्रश्नांपुरता आहे. त्यांना पैसे पडत नाहीत आणि अर्ध्या मिनिटात ते विचारून होतात.

जुलाबाच्या रुग्णाला ताप, खोकला, धाप आणि घरातल्या आजाऱ्यांविषयी विचारावे. खोकल्याच्या रुग्णाला उलट्या, जुलाब आणि लघवीचे प्रमाण विचारावे. डॉक्टर विसरले तर रुग्णाने आपण होऊन सांगावे. 'ते काय, पोटाचं वेगळं आहे' म्हणून गाळू नये. साथीच्या दिवसांत घरात कुणाला तापासह जुलाब लागले, तर निदान होईपर्यंत त्याने मास्क लावावा, शौचानंतर साबणाने हात धुवावेत आणि इतरांसाठी स्वयंपाक करू नये.

उपचारात सर्वांत मोठी चूक होते ती औषधाच्या दुकानात. जुलाब म्हटले की प्रतिजैविकाची गोळी, खोकला म्हटले की आणखी एक. विषाणूवर यातल्या एकीचाही उपयोग नाही, उलट दुसरीने जुलाब वाढू शकतात. खरी गरज पाण्याची आणि क्षारांची असते. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावे आणि थोडे थोडे पाजत राहावे. ताप, जुलाब आणि न जेवणे एकत्र आले की म्हाताऱ्या माणसांच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. रक्तदाबाच्या किंवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर मूत्रपिंडावर ताण येतो. त्या गोळ्यांचे काय करायचे, हे डॉक्टरांना फोन करून विचारावे, स्वतः ठरवू नये. धाप लागणे, गुंगी येणे, सहा-आठ तास लघवी न होणे किंवा शौचातून रक्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये.

त्या आजी अजूनही वर्षातून एक-दोनदा येतात. परवा गुडघेदुखीसाठी आल्या होत्या. तपासून झाल्यावर मी सवयीने विचारले, 'खोकला? पोट साफ? जेवण जातंय ना?' त्या हसल्या. 'डॉक्टर, गुडघा दुखतोय हो,' म्हणाल्या. तरी तीनही उत्तरे मी केसपेपरवर लिहून घेतली.