बाजाराची वाट दाखवा

रमजानचा महिना ज्या हिजरी सनात येतो, तो सन एका स्थलांतरापासून मोजला जातो. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा, इ. स. 622 मध्ये, प्रेषित मुहम्मद (स.) आणि त्यांचे साथीदार घरदार सोडून मदिनेला गेले. हीच हिजरत. त्याच्या काही वर्षे आधी मुसलमानांची एक तुकडी समुद्र ओलांडून हबशा देशात आश्रयाला गेली होती. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता. मक्केची माणसे त्यांना परत मागायला आली, तेव्हा त्याने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि आश्रितांना त्यांच्या हवाली केले नाही.

मदिनेत प्रेषितांनी प्रत्येक मुहाजिराला, म्हणजे बाहेरून आलेल्याला, एका स्थानिक अन्साराचा भाऊ ठरवून दिले. त्यातली एक जोडी होती अब्दुर्रहमान बिन औफ आणि साद बिन रबी यांची. साद यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांच्या घरादाराला दुवा दिली, मालमत्ता घेतली नाही आणि बाजार कुठे आहे एवढेच विचारले. तूप-दुधाच्या पदार्थांपासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे ते मदिनेतले मोठे व्यापारी झाले.

ही हकिकत रमजानच्या बयानांतून अनेकदा सांगितली जाते आणि बहुतेक वेळा कौतुक होते ते साद यांच्या दिलदारीचे. ते योग्यच आहे. पण अब्दुर्रहमान यांचा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा आहे. आसऱ्याला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी भाकरी लागते. दुसऱ्या दिवसापासून त्याला आपले कसब दाखवायला जागा हवी असते.

ब्रिटनमध्ये 1998 पासून दरवर्षी जून महिन्यात निर्वासित सप्ताह साजरा होतो. 20 जून हा जागतिक निर्वासित दिन. त्या सुमारास ठिकठिकाणी निर्वासितांची चित्रे, विणकाम, छायाचित्रे मांडली जातात आणि शेजारपाजारचे लोक ती पाहायला येतात. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार 2024 च्या अखेरीस जगात 12 कोटींहून अधिक माणसे जबरदस्तीने विस्थापित झालेली होती. या आकड्यात माणूस दिसत नाही. भिंतीवर टांगलेल्या एका चित्रात तो दिसतो.

हे परदेशातले कौतुक वाटेल, पण याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. 1930 च्या दशकात नाझी राजवटीमुळे युरोप सोडावा लागलेले काही जण मुंबईत आले. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन आणि उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंगर ही त्यांतली नावे. त्यांनी मुंबईच्या तरुण चित्रकारांना घरी बोलावले, युरोपातली नवी चित्रकला समजावून दिली, त्यांच्याविषयी लिहिले, त्यांची चित्रे विकत घेतली. पंढरपुरात जन्मलेले हुसेन, गोव्याचे सुझा, मध्य प्रांतातले रझा, विदर्भातले गाडे, बाक्रे आणि घरकाम करून पोट भरलेले आरा यांनी 1947 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सहा तरुणांच्या पाठीवर हात ठेवणाऱ्यांत हे निर्वासित होते. मुंबईने त्यांना आसरा दिला आणि भारतीय चित्रकलेला त्याची परतफेड मिळाली.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची गोष्टही अशीच आहे. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे 5 हजार पोलिश लोक 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत राहिले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत घर गमावलेले सिंधी आले. आज ते ठिकाण गांधीनगर या नावाने कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. दिवाळीची आणि ईदची खरेदी तिथे एकाच दुकानात होते. इथेही आलेल्यांनी बाजाराची वाट धरली.

कोण आले, का आले, याची तपासणी सरकारने करायलाच हवी, हा आक्षेप रास्त आहे. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. म्हणून तर शेजाऱ्याच्या वागण्याला जास्त किंमत येते. कागद तपासणे हे सरकारी काम आहे. समोरच्या माणसाला काय येते, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

पौडला हे परक्याचे दुःख वाटू नये. मुळशीच्या धरणाविरुद्ध 16 एप्रिल 1921 रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. तरीही गावे पाण्याखाली गेली, भाताची खाचरे गेली आणि वीज मुंबईला मिळाली. ती माणसे सीमा ओलांडून गेली नव्हती, म्हणून त्यांना कोणी निर्वासित म्हटले नाही. पण घर सुटणे म्हणजे काय, हे या तालुक्यातल्या घराघरांना ठाऊक आहे.

तेव्हा 20 जूनच्या सुमारास पौडमध्ये एखादे छोटे प्रदर्शन भरायला हरकत नाही. त्याला मोठे दालन लागत नाही, शाळेचा एक वर्ग पुरेल. एका भिंतीवर बुडालेल्या गावांचे जुने फोटो आणि आजी-आजोबांच्या आठवणींवरून मुलांनी काढलेली चित्रे लावावीत. दुसऱ्या भिंतीवर पोट भरायला दुरून आलेल्या सुतार, गवंडी, शिंपी यांच्या हातचे काम मांडावे, आणि पुण्यात आसऱ्याला आलेले कोणी यायला तयार असेल तर त्याचेही. प्रत्येक वस्तूखाली करणाऱ्याच्या मर्जीने त्याचे नाव आणि गाव लिहावे.

जकात आणि फित्रा देताना या हाताचे त्या हाताला कळू नये, अशी शिकवण आहे, कारण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. त्याचे कसब मात्र चारचौघांत मांडले तर त्याची मान वर होते. यंदाच्या रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना घेणाऱ्याच्या हाताला कोणते काम येते, तेही विचारून ठेवावे.