हौदातले आगंतुक

पुण्याजवळच्या एका परिचित कुटुंबाने अंगणात पोहण्याचा लहानसा हौद बांधून घेतला, तो आजोबांच्या गुडघ्यांसाठी. जमिनीवर चार पावले टाकताना कळवळणारे आजोबा छातीभर पाण्यात मात्र सहज चालत. पाणी शरीराचा बराचसा भार उचलून धरते. सांध्यांना विसावा मिळतो आणि स्नायूंना व्यायाम. मग पावसाळा आला. आठ-दहा दिवस हौदाकडे कोणी फिरकले नाही. एका सकाळी आजींनी पाहिले, तर पाणी हिरवट झालेले, त्यात बेडूक, आणि पृष्ठभागाखाली वळवळणाऱ्या असंख्य अळ्या. नातू रॉकेलचा डबा घेऊन निघाला. आजी एवढेच म्हणाल्या, "अरे, ह्याच पाण्यात आजोबांना उतरायचंय ना?"

प्रश्न नेमका होता. स्थिर पाणी, अन्न आणि आसरा मिळतो, म्हणून हे जीव येतात. क्लोरीन उतरले की शेवाळ धरते, शेवाळाच्या आश्रयाने किडे वाढतात, किड्यांमागे बेडूक आणि बेडकांमागे साप. विष ओतल्याने ही साखळी तुटत नाही. तिची पहिली कडीच काढून घ्यावी लागते.

जे जीव पाहून आपण दचकतो, ते बहुधा कमी घातक असतात. बेडकाला गुळगुळीत भिंत चढता येत नाही. एक फळी तिरपी सोडून ठेवली की तो आपल्या वाटेने जातो. पाण्यातला साप पुष्कळदा बिनविषारी दिवड असतो. तरीही स्वतःच्या ओळखीवर विसंबू नये, सर्पमित्राला बोलवावे.

खरी काळजी अळ्यांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालतो. अनुकूल हवेत आठवड्या-दीड आठवड्यात त्यांचे डास होतात. ही अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून पाणी उपसणे पुरेसे नाही, कडा घासून काढाव्या लागतात. हौदावरील आच्छादनात साचलेले पावसाचे पाणीही विसरू नये. पावसाळ्यात ताप आला तर ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये. डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ज्येष्ठांना रक्त पातळ करणारी गोळी नेहमीची चालू असेल, तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावे.

हौद पुन्हा वापरात आणण्याचा क्रम सोपा आहे. जाळीने पाने व किडे काढावेत, भिंती घासाव्यात, गाळणयंत्र साफ करून चालू करावे आणि मगच क्लोरीन द्यावे. क्लोरीनची पूड पाण्यात टाकावी, पुडीवर पाणी ओतू नये. ती आम्लात किंवा संडास धुण्याच्या द्रवात कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू फुप्फुसांना घातक असतो. दम्याच्या रुग्णाने ह्या कामापासून दूरच राहावे. तपासणी-पट्टीवर मुक्त क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८ दिसला, शिवाय तळ स्वच्छ दिसू लागला, तरच पाण्यात उतरावे. गप्पी मासे कमळाच्या कुंडात सोडावेत. क्लोरीनच्या पाण्यात ते जगत नाहीत.

गरम पाण्याचा बुडबुड्यांचा टब असेल, तर एका न दिसणाऱ्या पाहुण्याचीही आठवण ठेवावी. लिजिओनेला हा जिवाणू कोमट पाण्यात वाढतो आणि वाफाळ तुषारांबरोबर श्वासात जातो. पन्नाशीपुढच्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना आणि क्षीण फुप्फुसांच्या व्यक्तींना त्यापासून गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. उष्णतेने क्लोरीन लवकर उडते. म्हणून अशा टबात ते किमान ३ मिलिग्रॅम हवे आणि प्रत्येक वापरापूर्वी तपासायला हवे.

त्या घरी आजोबा पाण्यात परतले ते पाचव्या दिवशी. तपासणी-पट्ट्यांची डबी आता आजींच्या औषधांच्या डब्याशेजारी असते. रोज सकाळी पट्टीचा रंग पाहून त्या मान डोलावतात, आणि तेव्हाच आजोबा पायरी उतरतात.