बेटांवरचीं अंडीं आणि आमचीं कुत्रीं

फाल्गुन लागला म्हणजे जायकवाडीच्या नाथसागराचें पाणी उतरूं लागतें व आंतील उंचवटे बेटांच्या रूपानें उघडे पडतात. धरण आपल्या जिल्ह्यांत नसलें तरी त्याचा डावा कालवा परभणीपर्यंत येतो. तेव्हां तेथील पांखरें परकीं मानण्याचें कारण नाहीं. जिंतूर तालुक्यांतील येलदरीच्या कांठींही उन्हाळ्यांत पाणी असेंच मागें हटतें.

अशा उघड्या जागीं नदी सुरय हा पक्षी वीण करितो. काळ्या डोक्याचा, पिवळ्या चोंचीचा, दुभंगलेल्या शेपटीचा हा पक्षी मासे टिपतांना वाचकांनीं पाहिलाच असेल. घरटें तो बांधीतच नाहीं. वाळूंत उथळ खळगा करून त्यांत दोन-तीन अंडीं घालितो. भोंवतालचें पाणी हाच त्याचा कोट. पाणी आणखी आटून बेटास वाट फुटली, कीं कोट ढासळला. मग कोल्हा येतो, आणि गांवचें कुत्रेंही येतें. कोल्हा पूर्वापारचाच आहे; कुत्रें मात्र आम्हीं पोसलेलें आहे. जगांतील संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादींत सुरयाचें नांव आतां चढलें आहे.

न्यूझीलंडांतील स्टीफन्स बेटावर १८९४ च्या सुमारास दीपगृहासोबत मांजर पोंचलें, व उडतां न येणारी इवल्या पांखरांची एक जात थोड्याच वर्षांत नामशेष झाली. चंबळेच्या वाळूवर पाणचिऱ्याचीं अंडीं कुत्रीं खाऊं लागलीं, तेव्हां तेथें गांवकऱ्यांसच राखणीस बसविण्यांत आलें.

रानडुकरांच्या उपद्रवामुळें शेतकऱ्यास कुत्रें हवेंच. आमच्याही आखाड्यावर एक आहे. कुत्रीं मारावीं असें आम्ही सुचवीत नाहीं, व कायद्यासही तें मान्य नाहीं. परंतु मेलेलें जनावर शिवेवर टाकण्याची आपली रीत गिधाडें होतीं तोंवरच निभली. डायक्लोफिनॅक टोचलेल्या गुरांचें मांस खाऊन गिधाडें मेलीं; २००६ सालीं तें औषध जनावरांकरितां बंद झालें, तरी पूर्वींचे थवे परतले नाहींत. आतां तें मढें कुत्रीं खातात व त्यावर वाढतात.

आम्हीं महसूल दफ्तरांत उभी हयात घालविली. सातबाऱ्यावर पीक चढतें, विहीर चढते, आंब्याचें झाडही चढतें. अंड्यांस रकाना नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, गाळपेरीच्या करारांतच कलम घालावें : फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत कुत्रें बांधलेलें राहील. मढें पुरण्याचा खर्च ग्रामपंचायतीनें उचलावा. कित्येक म्हणतील, पांखरांसाठीं आणखी एक कागद कशाला? निरुपयोगी कागद आम्हीं पुष्कळ लिहिले आहेत. हा त्यांतला नव्हे. तोंवर आमच्या आखाड्यावरील कुत्रें येत्या फाल्गुनापासून साखळीस राहील.