मुलींचा बार

‘मुलींनी वजने उचलू नयेत, अंग पुरुषी होते,’ असे आपल्या धारवाडात अजून ऐकू येते. कमरेवर भरलेली घागर आणि कडेवर मूल घेतलेल्या बाईकडे पाहून मात्र हा आक्षेप कोणालाच सुचत नाही!

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तैपेई येथे जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे तैवानच्याच तेवीस वर्षांच्या कुओ शिंग-चुनने ५८ किलो गटात, ‘क्लीन अँड जर्क’ प्रकारात १४२ किलो वजन डोक्यावर पेलले. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत चक्क विश्वविक्रम! तीन वर्षांपूर्वी सरावात १४१ किलोचा बार मांडीवर पडून तिचा स्नायू फाटला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

तैवान दूर म्हणाल, तर पुण्याजवळचे वडगाव मावळ घ्या. तेथील हर्षदा गरुड २०२२ मध्ये ग्रीसमधील ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात एकूण १५३ किलो उचलून पहिली आली. या स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणारी ती पहिली भारतीय. वडगाव काही हुबळी-धारवाडपेक्षा मोठे शहर नव्हे.

आपल्या जिमखान्यात बार आहे, तबकड्या आहेत. पण मुलींना टेबल-टेनिसच्या खोलीपुढे कोणी बोलावीत नाही. शिवाय तो बार पुरुषांचा, वीस किलोचा. मुलींचा पंधरा किलोचा असतो, मुठीत मावेल असा किंचित बारीक. तो एक मागवावा, शिकविणारा जाणकार गाठावा, आणि सकाळचा एक तास मुलींसाठी राखावा, एवढीच जिमखाना समितीला विनंती. नावे द्यावयास निदान चौघीजणी तयार आहेत.