कुळगीचा रविवार कोणाचा?

शनिवार दुपारपासून गोव्याच्या गाड्या अनमोड घाट चढू लागतात. रामनगर मागे पडले की पुढे जोयडा, गणेशगुडी, दांडेली. काळी नदी पाहावी, जंगलात एक रात्र काढावी म्हणून माणसे जातात. जावीत, त्यात वावगे काही नाही. दांडेलीजवळ कुळगीला वनखात्याचे निसर्ग शिबिर आहे आणि त्या साऱ्या पट्ट्यात खाजगी रिसॉर्टे उभी राहिली आहेत. पाहुण्यांच्या रविवारी ज्याला पहाटे चूल पेटवावी लागते, चादरी बदलाव्या लागतात, पाण्यात राफ्ट हाकावी लागते, त्याचा रविवार कोणत्या वारी येतो, एवढेच आम्ही विचारतो.

ही सुट्टी काही सरकारने कृपा म्हणून दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नसे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, ‘दीनबंधु’ पत्रातून रान उठवले. 24 एप्रिल 1890 च्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामकरी बायकाही बोलल्या, हे त्या काळी लहान काम नव्हे. 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षी ती कारखाना कायद्यात आली. सहा वर्षे लागली हो, एका वारासाठी!

बरे, आज कायदा काय म्हणतो? रविवारीच सुट्टी द्या, असे तो म्हणत नाही, आणि नेमके येथेच पुष्कळांची दिशाभूल होते. “आमचा धंदाच रविवारचा” असे सांगून मालक मोकळा होतो आणि कामगारालाही वाटते की आपला हक्क बुडाला. तसे नाही. वार बदलता येतो, सुट्टी गाळता येत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. जिथे दहा वा अधिक माणसे राबतात तिथे आठवड्यात सहा दिवसांहून अधिक काम घेता येत नाही. जिथे घरगुती चार माणसांचा धंदा आहे, तिथेही वेतन संहिता लागतेच. सात दिवसांतून एक दिवस विश्रांती, आणि त्या दिवशी राबवले तर जादा कामाच्या दराहून कमी नव्हे इतका मोबदला, अशी तीत तरतूद आहे. जादा कामाचा दर म्हणजे दुप्पट.

हिशेबही समजून घ्या. किमान वेतनात महिन्याचा पगार 26 ने भागून रोजाचा दर काढण्याची रीत आहे, 30 ने नव्हे. सुट्टीचे चार दिवस पगारातच धरलेले असतात. समजा पगार 15,600 रुपये, तर रोज 600 पडला. चार सुट्ट्या घेतल्या म्हणून मालकाने पगार कापला, तर ती सुट्टी नव्हे, तो दंड झाला.

एक मालकी युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. “सुट्टी दिली तरी ही माणसे विश्रांती कुठे घेतात? घरी जाऊन शेतातच उतरतात ना!” उतरतात. स्वतःच्या शेतात उतरतात. भाटकाराच्या दारी वेठ करून आलेल्या मुंडकाराला स्वतःच्या परसातली भेंडी खुडताना काय वाटत असे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. तो दिवस माणसाचा स्वतःचा, मग तो नांगर धरो की पाय पसरून झोपो.

शेतकऱ्याला, खारव्याला हे परके नाही. घाटावर कित्येक गावांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. आपल्या दर्यात 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना बंदी असते, म्हणजे मासळीलाही उसंत आहे. बैलाला आहे, मासळीला आहे, आणि राफ्ट हाकणाऱ्या पोराला नाही?

तरीही वार कोणताही चालतो, एवढ्यावर आमचे समाधान नाही. मंगळवारी बाप घरी आणि पोरे शाळेत, अशा सुट्टीने घर भरत नाही. लग्ने, बारशी, गावची बैठक, सारे रविवारी. म्हणून आळीपाळीने महिन्यातून एक तरी रविवार प्रत्येकाच्या वाट्याला यावा. हे कायद्यात लिहिलेले नाही, मागून घ्यावे लागेल, आणि ते एकट्याने मागून मिळणारे नाही.

हा प्रश्न घाटापलीकडचा म्हणून सोडू नका. आपल्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, शॅकांत कामाला आहेत ती आपल्याच रापणकारांची, कुळांची मुले. त्यांनी एक वही घालावी. कोणत्या तारखेला काम केले, सुट्टी कोणत्या वारी मिळाली, पगार किती कापला, सारे रोजच्या रोज लिहावे. तक्रारीच्या वेळी कामगार अधिकाऱ्यापुढे तोंडी बोलण्यापेक्षा ही वही अधिक उपयोगी पडेल. आणि कुळगीला जाणाऱ्यांनो, न्याहारी वाढणाऱ्या मुलाला एकदा सहज विचारा, “बाबा रे, तुझी सुट्टी कधी?”