ठिपके पानावर, विष अंगावर

खराडीच्या आयटी कंपन्यांत विदर्भ-मराठवाड्यातील अनेक तरुण नोकरीला आहेत. गावाहून कपाशीच्या पानाचा फोटो आला की औषधाचे नाव कळवण्याची घाई होते. आधी निदान हवे.

दमट हवेत ‘अल्टरनेरिया’ बुरशीमुळे पानांवर तपकिरी, वलयांकित ठिपके पडतात. दहिया रोगात पानाच्या खालच्या बाजूला पांढुरकी बुरशी दिसते. पान लाल पडले तर तो बहुधा लाल्या; तो बुरशीजन्य नाही, मॅग्नेशियम आणि नत्राची कमतरता हे त्यामागचे मोठे कारण. तेथे बुरशीनाशक वाया जाते.

निदान चुकले की फवारण्या वाढतात आणि बुरशीनाशकासोबत कीटकनाशकही त्याच पंपात मिसळले जाते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. उंच कपाशीत फवारा थेट तोंडावर येतो. घामेजलेल्या त्वचेतूनही विष शरीरात शिरते.

पालाशसह संतुलित खत, पाण्याचा निचरा आणि रोगट अवशेषांची विल्हेवाट यांनी ठिपक्यांचा जोर कमी होतो. फवारणी करावीच लागली तर लेबलवरील मात्राच घ्यावी, मनाने मिश्रण करू नये, हातमोजे व मास्क वापरावा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये.

फवारणीनंतर खूप घाम, लाळ, उलटी, धाप किंवा अंधूक दिसणे ही लक्षणे दिसल्यास कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यासह रुग्णालय गाठावे. डब्यावरील नावावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. म्हणून गावाकडे औषधाचे नाव कळवताना ही खबरदारीही कळवावी.