शब्दांची खतावणी

महात्मा फुले मंडईत संत्र्यांच्या ढिगाकडे नजर जाताच ‘संत्रे’ हा शब्द ओठांवर येतो. क्षणार्धात घडणाऱ्या या कार्यात मेंदूचे अनेक भाग गुंतलेले असतात. मागील भाग रंग व आकार टिपतो, त्याला पूर्वानुभवाचा अर्थ जोडला जातो आणि बहुतेकांच्या बाबतीत मेंदूच्या डाव्या भागातून नाव उमटते.

ही नावे वेगवेगळ्या खात्यांत मांडलेली असावीत काय? १९८५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हार्ट, बर्न्ड्ट व कारामाझ्झा या अभ्यासकांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. पक्षाघातानंतर त्याला अबॅकस आणि स्फिंक्स यांची नावे सांगता येत. पीच आणि संत्रे यांची मात्र येत नसत. अडचण मुख्यतः फळे व भाज्यांपुरतीच होती. नाव ऐकविले, तर तो योग्य चित्र अचूक दाखवीत असे. माल वखारीत शाबूत होता. खतावणीचे एक पान तेवढे उघडत नव्हते.

म्हणून पक्षाघातातून सावरणाऱ्या वडीलधाऱ्यांना ‘हे काय, सांगा’ असे विचारून पेचात टाकू नये. दोन-तीन नावे उच्चारावीत व त्यांना निवडू द्यावे. शब्द अडला म्हणजे बुद्धी गेली, असे नव्हे.

मात्र वाचा अकस्मात अडखळली, तोंड वाकडे झाले वा हात लुळा पडला, तर दुकान बंद होण्याची वाट पाहू नये. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.